जिंकलो फायनल उद्या

शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला, संगमनेरमधल्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला पाण्याच्या रिकाम्या जारवर बसून, प्रभुदास भिंगारदिवे सरांनी आपल्या प्राचार्यांना एक मेसेज पाठवला. सरांचा जवळचा चष्मा दहाच मिनिटांपूर्वी कामी आला होता. सेमीफायनल संपल्याची शिट्टी वाजली तशी पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं होतं, आणि खाली उतरवताना कॅप्टन अँड्र्यूचा बूट सरांच्या खिशातून पडलेल्या चष्म्यावर बरोबर मधोमध पडला होता. त्यामुळे सरांनी मोबाईल हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि एका अंगठ्यानं मजकूर ठोकला : ‘जिंकलो फायनल उद्या दुपारी चारपर्यंत नगर’.

सरांच्या मनात सगळं स्वच्छ होतं. जिंकलो. फायनल उद्या. दुपारी चारपर्यंत नगर. तीन सरळ वाक्यं, तीन पूर्णविराम. पण पूर्णविराम मनातच राहिले आणि मजकूर तेवढा गेला.

पाच मिनिटांत उत्तर आलं. ते अँड्र्यूनं मोठ्यानं वाचलं. “हार्दिक अभिनंदन! संस्थेच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी नोंद! पुढचं सगळं आम्ही बघतो. तुम्ही फक्त या.”

“सेमीफायनललाच सुवर्णाक्षरं?” स्वतःचा चष्मा पुसत संघातला राम म्हणाला. “मग फायनलला काय, हिरे बसवणार का?”

सर मात्र गहिवरले. प्राचार्य काकासाहेब ठुबे हा कौतुकाच्या बाबतीत अतिशय हात राखून वागणारा माणूस होता. ‘पुढचं सगळं आम्ही बघतो’ म्हणजे मिनीबसचं बिल बिनबोभाट पास होणार, असा सरांनी अर्थ लावला. मोबाईल चार्जिंगला लावून ते जेवले आणि पोरांना दम भरून लवकर झोपवून स्वतःही आडवे झाले.

सरांना गहिवरण्याचा हक्क होता. नगरला सावेडीतल्या आपल्या कॉलेजात ते एकतीस वर्षं खेळाचे सर होते, आणि निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. एवढ्या काळात कॉलेजच्या बास्केटबॉल संघानं पहिली फेरी ओलांडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. कोर्ट होतं, पण त्यावर प्राध्यापकांच्या स्कूटर लागत. सरावाच्या आधी सरांना अर्धा तास स्कूटरवाले शोधण्यात घालवावा लागे. उत्तरेकडची रिंग जरा खाली वाकलेली होती, कारण एका गॅदरिंगला मंडपवाल्यानं तिला दोर बांधला होता. स्टाफरूममध्ये कुणी सहज विचारलं, “काय सर, यंदा कितपत?” की सर म्हणत, “यंदा पोरं बरी आहेत.” हे ते एकतीस वर्षं म्हणत होते.

यंदा मात्र पोरं खरंच बरी निघाली. सुरुवात झाली ती जूनमध्ये, प्रवेशाच्या रांगेत. सर खिडकीशी उभे होते आणि त्यांना रांगेतल्या सगळ्या डोक्यांच्या वर एक डोकं निवांत इकडेतिकडे बघताना दिसलं. ते डोकं काष्टीच्या आदिनाथचं होतं. सहा फूट चार इंच. बास्केटबॉल त्यानं टीव्हीवरसुद्धा पाहिला नव्हता. पहिले दोन आठवडे त्यानं मारलेला प्रत्येक चेंडू बोर्डच्या वरून मागच्या कँटीनच्या पत्र्यावर गेला. कँटीनवाल्यानं तक्रार केली. शेवटी एके दिवशी सरांनी विचारलं, “घरी कडब्याची गंज रचतोस का रे?”

“रचतो की. वर पेंढ्या मीच फेकतो.”

“पेंढी फेकताना वरच्या माणसाच्या छातीत मारतोस?”

“न्हाई सर. आलगद हातात पडली पायजे त्याच्या.”

“मग रिंगमध्ये माणूस बसलाय असं समज.”

त्या दिवसापासून आदिनाथच्या हातून चेंडू अलगद वर जायचा आणि जाळीत उतरायचा. फक्त फ्री थ्रोच्या रेषेवर एकटं उभं केलं की त्याचे हातपाय गळायचे. सगळे आपल्याकडेच बघतायत म्हटल्यावर चारातला एक जायचा, तोही चुकून. पण रिंगखाली गर्दीत तो राजा होता. चेंडू त्याच्यापर्यंत पोचवायला अँड्र्यू होता. उंची पाच फूट पाच, चर्चच्या क्वायरमध्ये गाणारा, आणि कोर्टावरसुद्धा तोंड बंद न ठेवणारा. लांबून मारायला राम होता. पहिला सामना समोरचा संघ आलाच नाही म्हणून जिंकला. स्टाफरूम हसली. दुसरा दोन गुणांनी जिंकला, तिसरा नऊ गुणांनी. स्टाफरूम हसायची थांबली. चौथ्यानंतर स्कूटरवाले आपणहून स्कूटर हलवू लागले. आणि आता जिल्ह्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत, सलग तीन वर्षं विजेत्या असलेल्या कोपरगावच्या संघाशी फायनल. शनिवारी सकाळी नऊ वाजता.

शनिवारी सकाळी आठ वाजता पोरं केळी खात असताना सरांच्या घरून फोन आला. सरांच्या पत्नी दयाबाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि फोनवरसुद्धा शुद्ध बोलत.

“अहो, तुम्ही काल फायनल जिंकलात आणि मला सांगितलं नाहीत?”

“काल कुठली फायनल? फायनल आज आहे. तासाभरात.”

“मग सावेडीच्या चौकात तुमचा फ्लेक्स कसा लागलाय?”

सरांच्या हातातलं केळं तसंच राहिलं. “कसला फ्लेक्स?”

“चांगला दहा बाय वीसचा. मी दूध आणायला गेले होते. ‘जिल्हा विजेत्या बास्केटबॉल संघाचे हार्दिक अभिनंदन.’ संस्थेच्या अध्यक्षांचा, आप्पासाहेबांचा फोटो पुरुषभर उंच आहे. प्राचार्यांचा अर्धा. तुमचा आहे, पण पोस्टाच्या तिकिटाएवढा. पोरांचा गेल्या वर्षीचा ग्रुप फोटो लावलाय. ‘भव्य सत्कार समारंभ, आज दुपारी चार वाजता, कॉलेज सभागृह.’ मी दोनदा वाचलं.”

“पण मी तर प्राचार्यांना स्पष्ट कळवलं होतं!”

“काय कळवलंत? अक्षर न अक्षर वाचून दाखवा.”

सरांनी चार पावलं बाजूला जाऊन मोबाईल हातभर लांब धरला आणि वाचून दाखवलं. 

“प्रभुदास,” दयाबाई म्हणाल्या. लग्नाच्या चौतीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला नावानं हाक मारण्याची ही तिसरी वेळ होती. “मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना विरामचिन्हं शिकवली. घरात लक्ष द्यायचं राहून गेलं.”

सरांनी ताबडतोब प्राचार्यांना फोन लावला. काकासाहेबांचा फोन सतत दुसऱ्या कॉलवर. सातव्या वेळी लागला.

“या चॅम्पियन, या!” काकासाहेब गरजले. “सकाळपासून फोन खाली ठेवता येत नाहीये. आप्पासाहेब तर एवढे खूश आहेत की विचारू नका. फेटे सांगितलेत, कोल्हापुरी.”

“सर, ऐका जरा. आपण अजून जिंकलेलो नाही.”

“हाच तो विनय! हाच! भाषणात मी हेच सांगणार आहे. माणूस एकतीस वर्षं राबतो आणि म्हणतो काय, तर आपण अजून जिंकलेलो नाही. वा!”

“सर, विनय नाही. वेळापत्रक आहे. फायनल आत्ता नऊ वाजता आहे. काल सेमीफायनल जिंकलो.”

काकासाहेबांचा आवाज एकदम खासगी झाला.  “पण तुम्ही लिहिलंय, जिंकलो फायनल.”

“जिंकलो. फायनल उद्या.”

“तसं कुठं लिहिलंय?”

“लिहायचं राहिलं.”

 मागून कुणीतरी विचारत होतं, “सर, हार झेंडूचे की गुलाबाचे?” काकासाहेबांनी त्याला हाकलल्याचं ऐकू आलं.

“भिंगारदिवे सर,” ते शेवटी म्हणाले, “मग आता असं करा. जिंका.”

“समोर कोपरगाव आहे, सर.”

“ते मला सांगू नका. आप्पासाहेबांना काय सांगू ते सांगा,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सर पोरांकडे वळले. पोरं केळी खात होती आणि हसत होती. या पोरांना हे कळलं तर हातपाय गळतील, एवढं सरांना स्पष्ट दिसत होतं. नगरला आपल्या नावाचे हार गुंफले जातायत आणि आपण अजून मैदानात उतरायचोय, या विचारानं मोठमोठे खेळाडू लटपटतील. सरांनी गळ्यातली शिट्टी वाजवली.

“मोबाईल जमा करा. सगळ्यांनी. या पिशवीत. लक्ष फक्त खेळावर पाहिजे.”

एरवी मोबाईल काढून घ्यायचा म्हटलं की अँड्र्यू मानवी हक्कांवर भाषण द्यायचा. आज त्यानं मुकाट्यानं मोबाईल पिशवीत टाकला. बाकीच्यांनीही टाकले. पोरांना शिस्त लागली, असं वाटून सरांना तेवढ्यातल्या तेवढ्यात बरं वाटलं.

कोर्टावर कोपरगावचा संघ आधीच आला होता. एकसारखे ट्रॅकसूट, एकसारख्या बॅगा, स्नायू चोळायला स्वतंत्र माणूस. त्यांचे सर हात पुढे करून आले.

“अभिनंदन भिंगारदिवे सर.”

“कशाबद्दल?”

त्यांनी मोबाईल पुढे केला. पडद्यावर सावेडीचा चौक होता. चष्मा नसतानाही सरांना आप्पासाहेब ओळखू आले.

“आम्ही खेळायचं, का परस्पर घरी जायचं?” कोपरगावचे सर हसून म्हणाले. “नाही, तुमचं सगळं ठरलंय म्हणून विचारलं. माझ्या पोरांनी पण बघितलंय. जरा चिडलीयत.”

जरा नव्हे, चांगलीच चिडली होती. पहिल्या पाच मिनिटांत कोपरगावनं बारा गुण केले आणि सरांच्या पोरांनी दोन. अँड्र्यूचे पास कधी नव्हे ते समोरच्यांच्या हातात जात होते. रामचे तीन नेम रिंगलासुद्धा लागले नाहीत. आदिनाथला दोघं दोघं चिकटले होते, आणि तो आपला दोन्ही हात वर करून बाजारात हरवलेल्या पोरासारखा उभा होता. मध्यंतराला गुणफलक होता एकोणीस-तीस.

पोरं घाम पुसत खाली बसली, तेवढ्यात सरांच्या खिशातला फोन वाजला. काकासाहेब होते. मागे धाडधाड काहीतरी वाजत होतं.

“सर, काष्टीहून टेम्पो आलाय!” काकासाहेब ओरडून बोलत होते. “आदिनाथचे वडील. सहादेव. बरोबर पंचवीस माणसं, हलगी आणि गुलालाचं पोतं. चारचा कार्यक्रम आणि ही माणसं साडेनऊला हजर! ऑफिसच्या दारात वाजवतायत. वर केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चाललंय!”

“त्यांना कुणी सांगितलं?”

“त्यांची पुतणी आहे इथे सेकंड इयरला, संस्कृती म्हणून. तिनं फ्लेक्सचा फोटो पाठवला. मी त्यांना म्हटलं, अहो, मॅच व्हायचीय अजून. तर म्हणतात, ‘साहेब, हाराचं टेन्शन घेऊ नका, आमी आमचे आनलेत.’ त्यांना वाटतंय कॉलेज सत्कार टाळतंय! बरं, ते जाऊ दे. स्कोअर सांगा.”

“अकरानं मागे आहोत.”

काकासाहेबांनी असा उसासा टाकला की तो हलगीच्या वरून ऐकू आला.

“मग संपलं. मी सगळं रद्द करतो. फ्लेक्स उतरवतो. फेटे परत. आप्पासाहेबांना सांगतो, सभागृहाचं वायरिंग जळालं. आणि सर, आज दिवसभर मी फोन बंद ठेवणार आहे. आप्पासाहेबांचा आवाज ऐकायची माझ्यात ताकद नाही.”

फोन बंद झाला. सरांनी तो खिशात टाकला. मग त्यांना एकदम मोकळं वाटलं. सत्कार गेला, फेटे गेले, फ्लेक्स गेला. आता फक्त मॅच राहिली होती, आणि मॅच हरणं ही गोष्ट सरांच्या चांगली ओळखीची होती. ते पोरांसमोर उकिडवे बसले.

“काय बिघडलंय सांगू? तुम्ही आज भारी खेळायला निघालाय. भारी खेळू नका. आपलं खेळा. अँड्र्यू, तोंड का बंद आहे तुझं? बोल त्यांच्याशी. आदिनाथ, तुला दोघं धरतायत ना? मग राम मोकळा असतो. तुझ्याकडं आली की एक पेंढी रामकडं फेक. त्यांनी रामकडं धाव घेतली की परत तू.”

तिसऱ्या क्वार्टरमध्ये अँड्र्यूचं तोंड सुटलं. कोपरगावच्या कॅप्टनला त्यानं धावता धावता विचारलं, “तुमचे ट्रॅकसूट कुठून शिवले? आम्हाला सत्काराला पाहिजेत.” ते सरांना ऐकू आलं नाही, पण कोपरगावच्या कॅप्टननं रागाच्या भरात त्याला ढकललं आणि फाउल घेतला. मग आणखी एक. आदिनाथकडून रामकडे पेंढ्या जाऊ लागल्या. रामनं लागोपाठ तीन मारले. अकराचे सात झाले, सातांचे चार झाले. कोपरगावचे दोन्ही उंच खेळाडू पाच-पाच फाउल होऊन बाहेर बसले, तेव्हा त्यांच्या स्नायू चोळणाऱ्या माणसानंसुद्धा चोळायचं सोडून गुणफलकाकडे बघायला सुरुवात केली.

शेवटचे नऊ सेकंद उरले तेव्हा गुण होते बावन्न-त्रेपन्न. कोपरगाव एका गुणानं पुढे. अँड्र्यूनं तिघांच्या काखेतून चेंडू आत घातला, आदिनाथ उडाला आणि त्याच्या हातावर फटका बसला. शिट्टी वाजली. दोन फ्री थ्रो.

सरांनी डोळे मिटले. दोन गेले तर जिंकलो, एक गेला तर बरोबरी. पण रेषेवर उभा राहणार होता तो संघातला सर्वांत वाईट फ्री थ्रो मारणारा पोरगा. त्यात कोपरगावच्या सरांनी मुद्दाम टाइम आउट घेतला, पोराचे हात गार पडावेत म्हणून.

पोरं सरांभोवती जमली. अँड्र्यूचे ओठ पांढरे पडले होते. रामला धड बाटलीचं झाकण उघडता येत नव्हतं.  या पोरांपासून आपण काहीतरी लपवतोय, हेच सरांना सहन होईना.

“पोरांनो, एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही,” ते म्हणाले. “चूक माझी आहे. मी एक मेसेज चुकीचा…”

“फ्लेक्स ना, सर?” अँड्र्यू म्हणाला.

सर बघतच राहिले. “तुम्हाला माहीत आहे?”

“काल जेवतानाच बघितला. कॉलेजच्या ग्रुपवर डिझाइन आलं होतं.”

“मग मला का नाही बोललात?”

“तुम्हाला बीपी आहे, सर,” राम म्हणाला. “आम्ही ठरवलं, सरांना मॅचआधी कळू द्यायचं नाही. तुम्ही मोबाईल मागितले तेव्हा बरंच झालं. म्हटलं, आता तुमच्यासमोर चुकून वाजायचं टेन्शन गेलं.”

 सर खाली बघून शिट्टीची दोरी नीट करू लागले. ती नीटच होती.

“आमचे फोटो आहेत ना त्यावर,” अँड्र्यू म्हणाला. “गेल्या वर्षीच्या ग्रुपमधले. हरलो तर उद्यापासून चौकातून जायची सोय नाही. रात्रभर झोप नाही कुणाला.”

“मी झोपलो की,” वरून आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. आदिनाथ शांतपणे पाणी पीत होता.

“माझा फोटूच न्हाई त्यात,” तो म्हणाला. “गेल्या साली मी कुठं हुतो? बारावीला हुतो काष्टीत. हारलो तर लोक तुमाला हसतील. मला कोन वळखतंय?” आणि बाटली खाली ठेवून तो रेषेकडे चालू लागला.

तो रेषेवर उभा राहिला. सगळं मैदान त्याच्याकडे बघत होतं, पण आपल्या संघात फ्लेक्सवर नसलेला मी एकटाच, हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्या बघण्याचा त्याला काहीच त्रास होईना. पहिला चेंडू अलगद वर गेला आणि जाळीत पडला. दुसरा रिंगवर टेकला, जरा विचार केल्यासारखा थांबला आणि आत उतरला. चोपन्न-त्रेपन्न. उरलेल्या सेकंदांत कोपरगावनं अर्ध्या मैदानावरून चेंडू भिरकावला. तो रिंगवर आपटून बाहेर आला, आणि शिट्टी वाजली.

पोरांनी पुन्हा सरांना उचललं. या वेळी खिशात फुटण्यासारखं काही नव्हतं.

खाली उतरल्यावर सरांनी आधी प्राचार्यांना फोन केला. फोन बंद. मेसेज केला : ‘आज. सकाळी. फायनल. आपण. जिंकलो.’ तो गेलाच नाही, एकाच टिकवर अडकून बसला. मग घरी फोन लावला. दयाबाईंनी बातमी ऐकली आणि म्हणाल्या, “खरं सांगताय? की अजून कुठलं चिन्ह राहिलंय?” आणि लगेच पुढे म्हणाल्या, “सावकाश या. मी येते कॉलेजवर.”

बक्षीस समारंभ झाला, जेवणं झाली, मिनीबस निघाली. कप आदिनाथच्या मांडीवर होता, कारण पाय पसरायला जागा म्हणून सगळ्यांत पुढची सीट त्याची होती. पोरं राहुरीपर्यंत गात होती आणि त्यानंतर सगळी घोरत होती. सर तेवढे जागे होते. सावेडीच्या चौकात बस वळली तेव्हा त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. तिथे नुसता बांबूंचा सांगाडा उभा होता. फ्लेक्स गेला होता. आप्पासाहेबही गेले होते. सरांना वाटलं, एकतीस वर्षांनी एक कप येतोय आणि घ्यायला कुत्रंसुद्धा नाही. पोरांना काय सांगायचं?

बस कॉलेजच्या रस्त्याला लागली, आणि त्यांच्या कानावर हलगी आली.

फाटकात वॉचमन गोरक्षनाथ कानात कापूस घालून उभा होता. फाटकाच्या आत टेम्पो होता. टेम्पोभोवती पंचवीस माणसं होती आणि सगळी आपादमस्तक गुलाबी होती. सकाळी साडेनऊपासून ती इथेच होती. मध्ये एकदा त्यांनी झाडाखाली भाकरी खाल्ली होती, एक झोप काढली होती, आणि तीन वाजल्यापासून पुन्हा वाजवायला घेतलं होतं. दयाबाई स्कूटर लावून त्यांच्यात उभ्या होत्या. त्यांच्या पांढऱ्या केसांतही गुलाल होता.

“चारला म्हनले हुते, चारलाच आले!” बसकडे बघून सहादेव ओरडला. “बघा, टायमाला पक्की हायेत पोरं!”

पोरं डोळे चोळत उतरली आणि उतरल्या उतरल्या नाचू लागली. सहादेवनं आणलेला हार आदिनाथच्या गळ्यात घालायला हात पुरेना, तेव्हा तो टेम्पोच्या फाळक्यावर चढला आणि तिथून त्यानं पोराच्या डोक्यावरून हार खाली सोडला. मग त्याच्या गालावर गुलाल लावला, मान मागे करून त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, “काल जिंकलास न्हवं? मग आज येवढा दमून कसा आलास?”

आदिनाथनं सरांकडे बघितलं. सरांनी तोंड उघडलं. सेमीफायनल, फायनल, मेसेज, चष्मा, सगळं कुठून सुरू करावं याचा विचार करत ते तसेच उभे राहिले.

एवढ्यात ऑफिसचा दरवाजा किलकिला झाला. दिवसभर आत कोंडून घेतलेले काकासाहेब आधी डोक्यानं, मग खांद्यानं आणि मग सगळेच बाहेर आले. त्यांची नजर आदिनाथच्या हातातल्या कपावर पडली. ते जवळ आले. त्यांनी कपावर कोरलेलं स्पर्धेचं नाव वाचलं, ‘विजेता’ हा शब्द बोटानं चाचपला आणि सरांकडे बघितलं.

“खरंच?” ते कसेबसे म्हणाले.

“खरंच, सर.”

काकासाहेबांनी खिशातला मोबाईल काढला आणि आप्पासाहेबांना कळवण्यासाठी सुरू केला. सहादेव फाळक्यावरून खाली उतरला, दोन्ही हातांतला गुलाल प्राचार्यांच्या टकलावर नीट पसरवला आणि भिंगारदिवे सरांच्या कानाशी येऊन समजूतदारपणे म्हणाला,

“साहेब सकाळपास्नं म्हनत हुते, म्याच व्हायचीय, म्याच व्हायचीय. मी म्हनलं, झालीया. न्हाई पटलं. लई शिकलेलं मानूस, पन बगा ना, कुनीतरी फशिवलं बिचाऱ्याला.”

सरांनी एकदा दयाबाईंकडे बघितलं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग सरांनी सहादेवपुढे मान वाकवली आणि म्हणाले, “व्हय, असंच काहीतरी झालं असणार. घाला हार.”